भेंडी, बियाणे आणि कंपन्यांची सोयरीक

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत गिऱ्हाईक टोमॅटोचे गाव विचारते. नारायणगावचा का? वाटाणा सासवडचा का? गाळ्यावरची मावशी गाव सांगते, भाव सांगते आणि तराजू उचलते. बियाणे कोणाचे, हे कोणी विचारत नाही. पण तो टोमॅटो क्रेटमधून येताना फुटत का नाही, ढोबळी मिरची आठवडाभर ताठ कशी राहते, भेंडी पावसाळ्यातही हिरवी कशी मिळते, याचे निम्मे उत्तर शेतात असते आणि निम्मे बियाण्यात. १८८६ मध्ये ही अष्टकोनी दगडी इमारत ‘रे मार्केट’ म्हणून उघडली तेव्हा इथे येणाऱ्या बहुतेक भाज्यांचे बी शेतकऱ्याच्याच घरात, राखेत घोळून मडक्यात ठेवलेले असे. आज ते पाकिटातून येते, आणि त्या पाकिटामागच्या कंपन्यांचे मालक गेल्या तीस वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले आहेत.

एका कंपनीने दुसरी विकत घेतली की नव्या शोधांचे काय होते, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. वर्तमानपत्रात अशा व्यवहारांची बातमी येते तेव्हा किती अब्ज डॉलर दिले, शेअरचा भाव कुठे गेला, अध्यक्ष कोण झाला, एवढे छापून येते. प्रयोगशाळेत आणि चाचणीच्या प्लॉटवर त्या दिवसापासून काय बदलले, हे फारसे कोणी लिहीत नाही. मोटारी, औषधे, सॉफ्टवेअर, कोणत्याही धंद्यातून हा प्रश्न पाहता आला असता. मी भाजीचे बियाणे निवडले, कारण ही गोष्ट बरीचशी महाराष्ट्रात घडली आहे आणि तिचा शेवट रोज आपल्या पिशवीत येऊन पडतो.

सुरुवात भेंडीपासून करावी लागते. भेंडीचा जुना वैरी म्हणजे हळद्या रोग. पांढरी माशी विषाणू पसरवते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पिवळट आणि निबर होतात, आणि असा माल मंडईत कोणी हातात घेत नाही. १९६० च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून हरभजन सिंग यांनी काढलेले ‘पुसा सावनी’ हे वाण आले. ते या रोगापुढे टिकत होते. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी याच भेंडीच्या बियाण्यापासून धंद्याला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’, म्हणजे महिको, उभी केली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या या माणसाने मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांकडून बीजोत्पादन करून घेतले, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारी संस्थेचे वाण, खासगी माणसाची धडाडी आणि शेतकऱ्याचे रान, या तिघांच्या जोरावर भारतातला खासगी बियाणे उद्योग उभा राहिला.

पुढे पुसा सावनीही हळद्याला बळी पडू लागली. विषाणू बदलतो, त्यामुळे रोगप्रतिकारक वाण कायमचे नसते. ते पुन्हा पुन्हा शोधावे लागते, आणि या धंद्यात नवा शोध म्हणजे नेमके हेच. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि योगेंद्र नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्याच एका रानटी भावकीशी केला. अशा दूरच्या संकरातून निघालेली झाडे बहुधा वांझ निघतात. पिढ्यानपिढ्या निवड करत, खाण्याजोगे फळ आणि रानटी झाडाची रोगाशी झुंजण्याची ताकद एकत्र आणून त्यांनी ‘परभणी क्रांती’ काढली. १९८५ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली आणि देशभर पसरली. सरळ वाण असल्याने शेतकरी तिचे बी घरी धरू शकत होता, आणि खासगी पैदासकारांनाही तो साठा वापरायला खुला होता.

एक नवे संकरित वाण बाजारात यायला आठ-दहा वर्षे सहज लागतात. नर-मादी ओळी तयार करणे, शेकडो संकर करणे, त्यातले बहुतेक फेकून देणे, उरलेले चार हवामानांत लावून पाहणे, अशी ती वाट आहे. कोणता संकर उजवा निघेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच एकाच रोगावर किती वेगवेगळे पैदासकार, किती वेगवेगळ्या साठ्यांतून काम करत आहेत, याला फार महत्त्व आहे. परभणीच्या दोघांनी रानटी जातीकडे वळायचे ठरवले नसते तर तो मार्ग कितीतरी वर्षे बंदच राहिला असता.

आता सोयरिकींकडे वळू. १९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी बियाण्याला दार उघडले. हॉलंडमधल्या एन्खाउझेन गावची, १८६७ साली सुरू झालेली ‘स्लाइस अँड ग्रोट’ ही भाजीपाला बियाण्याची नावाजलेली पेढी स्वित्झर्लंडच्या सँडोज या औषध कंपनीने घेतली होती. १९९६ मध्ये सँडोज आणि सिबा-गायगी एकत्र येऊन नोव्हार्टिस झाली. २००० मध्ये नोव्हार्टिसचा शेती विभाग आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाचा शेतीऔषधांचा विभाग मिळून सिंजेंटा झाली. २०१७ मध्ये चीनच्या सरकारी केमचायना कंपनीने सिंजेंटा सुमारे ४३ अब्ज डॉलरना विकत घेतली. सिंजेंटाचे भारतातले मुख्य कार्यालय पुण्यात आहे, मंडईपासून काही किलोमीटरवर. मंडईत येणारी ‘इंद्रा’ ढोबळी मिरची आणि नारायणगाव पट्ट्यात वर्षानुवर्षे लावला गेलेला ‘अभिनव’ टोमॅटो ही याच कंपनीची वाणे.

दुसरे घराणे अमेरिकेकडचे. मेक्सिकोचे उद्योगपती अल्फोन्सो रोमो यांनी १९९० च्या दशकात असग्रो, पेटोसीड आणि रॉयल स्लाइस या तीन जुन्या पेढ्या जोडून सेमिनिस बनवली. २००५ मध्ये मोन्सँटोने ती घेतली. २०१८ मध्ये बायरने मोन्सँटोच घेतली, सुमारे ६३ अब्ज डॉलरना. बायरचा स्वतःचा नुनहेम्स हा भाजीपाला बियाण्याचा धंदा मात्र तिला बीएएसएफला विकावा लागला, कारण दोन्ही घरे एकाच छताखाली येणे नियामकांना मान्य नव्हते.

या सोयरिकींनी काय दिले? दिले, आणि ते मान्य करायला हवे. अर्थशास्त्रज्ञ जोझेफ शुम्पेटर यांनी १९४२ मध्ये मांडले होते की मोठ्या कंपनीकडे पैसा आणि निवांतपणा असतो, म्हणून लांब पल्ल्याचे शोध तीच लावू शकते. बियाण्याच्या धंद्यात तर विलीनीकरणाला आणखी एक जोर आहे, जो इतर बहुतेक धंद्यांत नसतो. एका पेढीकडे रोगाला न जुमानणारी ओळ असते, दुसरीकडे उष्णतेत फळधारणा देणारी. दोन्ही एका मालकाकडे आल्या की त्यांचा संकर होऊ शकतो. मावळातल्या पॉलिहाउसमधली ढोबळी आणि जुन्नरचा वाहतुकीला टिकणारा टोमॅटो अशा मोठ्या जागतिक साठ्यांशिवाय इतक्या लवकर आले नसते, असे माझे मत आहे.

पण अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये दाखवलेली दुसरी बाजूही तितकीच खरी. एका कंपनीचे टोमॅटोचे वाण जोरात खपते आहे आणि दुसरीच्या चाचणी प्लॉटवर त्याहून सरस वाण तयार होते आहे, असे समजा. दोन्ही वेगळ्या असतील तर दुसरी कंपनी रात्रीचा दिवस करून आपले वाण बाजारात आणील, कारण तिला पहिलीचे गिऱ्हाईक मिळवायचे आहे. दोन्ही एक झाल्या तर नवे वाण आपल्याच जुन्या वाणाचा खप खाणार. मग घाई कशाला? जुने खपते तोवर खपू द्यावे. यात कोणाचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. आणि हिशेब असल्यामुळेच तो चांगल्या माणसांच्या हातूनही होतो. शिवाय एकाच पिकावरचे दोन विभाग कशाला, म्हणून एक बंद होतो. बंद होणाऱ्या विभागातला पैदासकार निघून जातो आणि कोणत्या झाडात काय दडले आहे याची त्याला वर्षानुवर्षांच्या पाहणीने आलेली जाण कागदावर उतरत नाही.

औषधांच्या धंद्यात तर याहून कठोर प्रकार सापडला. कनिंगहॅम, एडरर आणि मा या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या औषध कंपन्यांचे व्यवहार तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तपासलेल्या खरेद्यांपैकी ५.३ ते ७.४ टक्के खरेद्या अशा होत्या की छोट्या कंपनीचे होऊ घातलेले औषध पुढे येऊच नये म्हणून ती विकत घेतली गेली. टक्केवारी लहान वाटेल. पण त्यातले प्रत्येक औषध कोणत्या तरी रुग्णाच्या उपयोगाचे ठरू शकले असते.

यावर नियामकांचे डोळे उघडले ते शेतीतल्याच एका व्यवहाराने. डाऊ आणि ड्युपाँट एकत्र येणार होत्या. तोवर नियामक मुख्यतः एवढेच पाहत: आज बाजारात कोणाचा किती वाटा, आणि उद्या भाव वाढतील का? मार्च २०१७ च्या निर्णयात युरोपीय आयोगाने पुढचा प्रश्न विचारला. कीडनाशकाचा नवा रेणू शोधून तो थेट शेतापर्यंत नेऊ शकणाऱ्या कंपन्या जगात मोजून पाच. त्यातल्या दोन एक झाल्या तर शोध कमी होतील. म्हणून परवानगी देताना अट घातली की ड्युपाँटने आपल्या कीडनाशक धंद्याचा मोठा भाग संशोधन विभागासकट विकावा. नुसती उत्पादने विकून भागणार नव्हते, शोध लावणारी माणसे आणि प्रयोगशाळाही द्यायची होती. हा भाग एफएमसी या कंपनीने घेतला. पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळणारे ‘कोराजन’ हे अळीचे औषध मूळ ड्युपाँटचे. या अटीमुळेच ते एफएमसीचे झाले. भारतातले त्याच्या रेणूचे पेटंट ऑगस्ट २०२२ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांनीही तो बाजारात आणला.

आपल्याकडे सर्वांत मोठा धडा मिळाला तो कापसात. कापूस मंडईत येत नाही, पण भेंडीपासून सुरू झालेल्या त्याच महिकोची ही पुढची गोष्ट आहे. १९९८ मध्ये मोन्सँटोने महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. मोन्सँटोकडे बोंडअळी मारणारे जनुक होते, महिकोकडे इथल्या रानात चालणारे संकरित कापूस. दोघींची संयुक्त कंपनी झाली. मार्च २००२ मध्ये महिकोच्या तीन बीटी कापूस वाणांना परवानगी मिळाली, २००६ मध्ये दुसऱ्या पिढीचे तंत्र आले, चाळीसहून अधिक देशी कंपन्यांनी ते परवान्यावर घेतले आणि काही वर्षांत देशातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कापसात हेच जनुक शिरले. हिस्सा विकला नसता तर हे तंत्र एवढ्या लवकर विदर्भात पोचले असते का? मला नाही वाटत.

मग गाडी तिथेच थांबली. परवाना शुल्कावरून भांडणे सुरू झाली. आंध्र प्रदेश सरकार २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेले. केंद्राने २०१५ च्या डिसेंबरात कापूस बियाणे दर नियंत्रण आदेश काढला आणि २०१६ मध्ये पाकिटाचा दर ८०० रुपये, त्यात तंत्राचे शुल्क ४९ रुपये असे ठरवले. तंत्र मागेल त्याला द्यावे अशा सरकारी प्रस्तावानंतर, त्याच वर्षी, तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या पिढीच्या कापसाचा परवानगी अर्ज महिकोने मागे घेतला. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला बीटी कापूस फोडून काढला. अळी तंत्राला सरावली होती आणि हातात नवे तंत्र नव्हते. दुसरीकडे तणनाशक सहन करणारे बियाणे ‘चोर बीटी’ म्हणून विदर्भात विनापरवाना विकले जाऊ लागले, आणि २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोल्यात ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला.

शुल्क योग्य होते की दर नियंत्रण, यावर लोक आजही भांडतात. मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की जवळजवळ सगळा देश एकाच मालकाच्या जनुकावर उभा राहिला होता. तिथे तीन-चार स्वतंत्र तंत्रे स्पर्धेत असती तर एका कंपनीच्या आणि एका सरकारच्या भांडणापायी कापूस उत्पादक २०१७ मध्ये अडकून पडला नसता. कोण कोणाला विकत घेते यापेक्षा, विकत घेतल्यावर बाहेर प्रयत्न करणारे कितीजण उरतात, यावर नवे शोध अवलंबून असतात.

अर्थात प्रत्येक अडलेल्या शोधाचे खापर विलीनीकरणावर फोडू नये. महिकोनेच शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे तयार केले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, ती अजून आहे. तेच जनुक घातलेली वांगी बांगलादेशाने २०१३ मध्ये मंजूर केली आणि २०१४ पासून तिथले शेतकरी पिकवत आहेत. इथे अडवणारी कंपनी नव्हती, सरकारी निर्णय होता.

भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये बायर-मोन्सँटो व्यवहार मंजूर करताना चांगल्या अटी घातल्या. मोन्सँटोचा महिकोतला २६ टक्के हिस्सा काढून टाकावा, आणि जनुकीय गुणांचे परवाने सात वर्षे सर्वांना भेदभाव न करता, रास्त अटींवर द्यावेत, या त्यातल्या दोन. १० सप्टेंबर २०२४ पासून आणखी एक सुधारणा लागू झाली: खरेदीची किंमत २,००० कोटी रुपयांवर असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात ठोस व्यवसाय असेल, तर तिची उलाढाल लहान असली तरी व्यवहार आयोगापुढे न्यावा लागतो. उलाढाल कमी पण शोध मोठा, अशा छोट्या कंपन्या पूर्वी नजरेतून निसटत. बियाण्याच्या धंद्यात मात्र ही मर्यादा फारच वरची आहे. जळगाव-जालना पट्ट्यातली एखादी पेढी घोसाळ्याच्या आणि दोडक्याच्या अप्रतिम ओळी बाळगून असेल आणि तरीही तिची किंमत २,००० कोटींच्या जवळपासही जाणार नाही.

दोडका, घोसाळी, पडवळ, घेवडा, चाकवत, चंदनबटवा, मंडईत येणाऱ्या या भाज्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. टोमॅटो आणि ढोबळी जगभर खपतात, म्हणून त्यांच्यावर मोठ्या कंपन्यांचा पैसा लागतो. चाकवताला जागतिक बाजार नाही. जागतिक कंपनीने देशी पेढी घेतली की ज्या पिकाचे क्षेत्र लहान, त्यावरचे काम आधी थांबण्याचा धोका असतो. या भाज्यांना आधार उरतो तो देशी पेढ्यांचा, कृषी विद्यापीठांचा आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्या गावरान बी जपणाऱ्या शेतकऱ्यांचा.

सुदैवाने आपला कायदा या बाबतीत उदार आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३० प्रमाणे नोंदणी झालेले कोणाचेही वाण संशोधनासाठी आणि नवे वाण काढण्यासाठी पैदासकाराला वापरता येते. तेच वाण पालक म्हणून कायम वापरायचे असेल तरच मूळ मालकाची परवानगी लागते. त्याच कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला. कंपन्या कितीही एकत्र आल्या तरी जोवर हे कलम शाबूत आहे तोवर परभणी क्रांतीसारखे काम करायला नव्या माणसाला वाट उरते. पण वाट असून चालत नाही, चालणारा लागतो. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चारही विद्यापीठांतली पैदासकारांची रिकामी पदे भरणे हे माझ्या मते बियाण्यातल्या मक्तेदारीवरचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

बायर-मोन्सँटोसारख्या गंभीर प्रकरणात स्पर्धा आयोग व्यवहाराचा तपशील प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवतो. मुदत थोडीच असते, आणि शेतकरी गट, उत्पादक कंपन्या किंवा ग्राहक संघटना क्वचितच काही लिहितात. पुढच्या वेळी अशी सूचना दिसली तर नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकांनी, विद्यापीठातल्या पैदासकारांनी आणि मंडईतून भाजी घेणाऱ्या आपणही आयोगाला लिहावे, आणि भावाच्या प्रश्नाबरोबर हेही विचारावे: या व्यवहारानंतर या पिकावर स्वतंत्रपणे काम करणारे किती पैदास कार्यक्रम उरतील, आणि बंद होणाऱ्या कार्यक्रमातल्या ओळी कोणाच्या हाती जातील?